कोण कोणाशेजारी बसणार

रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळांचा इतिहास कुणी लिहायला घेतला, तर त्यानं इमारतीपासून किंवा देणगीदारांच्या तसबिरींपासून सुरुवात करू नये, बैठकीपासून करावी. कोणतं मूल कुठे बसत होतं, त्याच्या शेजारी कोण होतं आणि पडवीत कोणाला बसवलं होतं, एवढं समजलं की त्या शाळेत कोण शिकलं आणि कोण नुसतंच हजर राहिलं, हे समजायला वेळ लागत नाही.

मी इथल्या एका हायस्कुलात भूगोल आणि इतिहास शिकवून निवृत्त झाले. नोकरीच्या उत्तरार्धात प्रत्येक प्रशिक्षणात ‘सहकारी अध्ययन’ हा विषय असायचाच. चार-पाच मुलांचे गट करा, प्रत्येकाला नेमून काम द्या, हुशार मूल आणि मागे पडलेलं मूल एकत्र घाला, गटाच्या कामाची नोंद ठेवा. सांगणारे तळमळीनं सांगत, तरुण शिक्षक वहीत उतरवून घेत, आणि चहाच्या सुट्टीत बोलणं निघे ते असं, की हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याकडे रुजायला वेळ लागणार. मला ते कधीच पटलं नाही. ज्या प्रश्नातून ही पद्धत अमेरिकेत उभी राहिली, तो प्रश्न आमच्या जिल्ह्यानं कितीतरी आधी अंगावर घेतला होता. ती हकिकत दापोलीपासून सांगावी लागते.

दापोली ही इंग्रजांची जुनी छावणी. पलटणीतून निवृत्त झालेले महार शिपाई, हवालदार, सुभेदार पेन्शन घेऊन तिथे स्थायिक झाले होते. गोपाळबाबा वलंगकर त्यांतलेच. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेला आधार काय, असा जाहीर सवाल केला. या पेन्शनरांना शाळा ही वस्तू परकी नव्हती. पलटणीच्या शाळांत ते स्वतः शिकले होते. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ तर अशा शाळेत मुख्याध्यापकच होते, आणि पेन्शनीत निघाल्यावर काही काळ तेही दापोलीलाच राहिले. १८९० च्या दशकात या मंडळींनी सरकारदरबारी अर्ज केले, की गावच्या शाळेत आमची मुलं घ्या. बरीच ओढाताण झाली. अखेर मुलं शाळेत आली, ती पडवीपर्यंत.

कागदावर दार त्याच्या पुष्कळ आधी उघडलं होतं. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला, प्रकरण विलायतेपर्यंत पोचलं, आणि पुढे सरकारनं धोरण जाहीर केलं की केवळ सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या राहतील. तेव्हापासून भांडण प्रवेशाचं कमी आणि जागेचं जास्त झालं.

पडवीत बसलेल्या मुलाचं नुकसान काय होतं, याचा मी शिक्षिका म्हणून पुष्कळ विचार केला आहे. मास्तरांचा आवाज खिडकीतून त्याच्यापर्यंत येतोच. फळाही मान उंचावली तर दिसतो. पाटी लांबूनच तपासली जाते, तरी तपासली जाते. त्याला मिळत नाही तो शेजारी. मास्तर पाठमोरे झाले की ज्याला कोपरानं ढोसून ‘हे कसं रे केलंस?’ असं विचारता येतं, तो शेजारी. ज्यांनी चाळीस मुलांचा वर्ग सांभाळला आहे त्यांना ठाऊक आहे, की निम्मं शिकणं या कुजबुजीतूनच होतं. दुसऱ्यांदा विचारायची हिंमत मूल शिक्षकाजवळ करत नाही, शेजाऱ्याजवळ करतं.

डॉ. आंबेडकरांनी आपल्या साताऱ्याच्या शाळेबद्दल लिहिलं आहे, ते याच जागेबद्दल. बसायला घरून आणलेलं गोणपाट, ते रोज परत घरी न्यायचं, आणि तहान लागली तर शिपाई येऊन पाणी घालेपर्यंत थांबायचं. सकपाळांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच मंडणगड तालुक्यातलं, म्हणून हा प्रसंग मी वर्गात सांगायचे तेव्हा मुलं लगेच कान टवकारत. आंबेडकरांच्या मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातला आणखी एक प्रसंग त्यांच्या चरित्रात आहे. मास्तरांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं, आणि फळ्यामागे ठेवलेले डबे बाटू नयेत म्हणून वर्गातली मुलं धावत सुटली. गणित सुटलं की नाही, हे त्या मुलांतल्या कुणालाही महत्त्वाचं वाटलं नसणार.

इंग्रजी अमदानीच्या आधीची पंतोजींची शाळा याहून वेगळी होती, तशी वेगळी नव्हतीही. एक पंतोजी, देवळाच्या सभामंडपात किंवा कुणाच्या ओटीवर बसलेली सहापासून सोळा वर्षांपर्यंतची मुलं, समोर धूळपाटी. वरच्या मुलानं खालच्याचा हात धरून अक्षर गिरवून घ्यायचं, संध्याकाळी एकानं पाढा सुरू करायचा आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे मुलंच मुलांना शिकवत. पंतोजी एकटा असल्यामुळे दुसरा इलाजच नव्हता. मुलानं मुलाला शिकवण्याची ही रीत हिंदुस्थानभर होती. मद्रासजवळ एग्मोरच्या लष्करी अनाथाश्रमाचा कारभार पाहणाऱ्या अँड्र्यू बेल नावाच्या पाद्रीसाहेबानं वाळूत बोटानं अक्षरं काढणारी मुलं पाहिली, तोच प्रकार आपल्या आश्रमात सुरू केला, आणि १७९७ साली लंडनला त्यावर पुस्तक छापलं. त्याच सुमाराला जोसेफ लँकेस्टरनं लंडनमध्ये तसल्याच शाळा उभ्या केल्या. मग ही पद्धत उलट्या वाटेनं आमच्याकडे आली. मुंबईच्या नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटीनं १८२० च्या दशकात आपल्या शाळांसाठी लँकेस्टरची पद्धत पसंत केली, आणि मॉनिटर वर्गात येऊन बसला. बेलसाहेबांनी आपल्याकडून घेतलं ते कवायतीचं अंग. मुलानं मुलाला समजावून सांगण्याचं अंग तिकडे जाऊन हरवलं असं मी म्हणेन, कारण मॉनिटर पाठ घेतो, समजावत नाही.

पण पंतोजींच्या शाळेचं गुणगान गाताना एवढं विसरू नये, की त्या ओटीवर मुली नव्हत्या आणि कष्टकऱ्यांची मुलंही फारशी नव्हती. एकमेकांना मदत करायची ती आपल्या वर्तुळातल्यांना. वर्तुळाबाहेरच्यासाठी पडवीसुद्धा नव्हती.

सरकारी शाळा आल्या आणि बैठकीला आणखी एक नियम लागला, तो नंबराचा. जुन्या आत्मचरित्रांतून हे वाचायला मिळतं. मास्तर प्रश्न विचारत, पहिल्याला आला नाही तर दुसऱ्याला, दुसऱ्याला नाही तर तिसऱ्याला, आणि ज्याला आला तो चुकलेल्या सगळ्यांच्या वर जाऊन बसे. वर्गातली जागा म्हणजे त्या क्षणाची लायकी. अशा वर्गात शेजाऱ्याला उत्तर सांगणं म्हणजे आपली जागा त्याला देणं. १९४९ साली मॉर्टन डॉइश या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं सहकार्य आणि स्पर्धा यांतला फरक नीट मांडला: एकाचं यश दुसऱ्याच्या यशाला बांधलेलं असेल तर माणसं एकमेकांना हात देतात, आणि एकाचं यश दुसऱ्याच्या अपयशातून येत असेल तर पाय ओढतात. नंबराच्या शाळेत शिकलेल्या आमच्या आजोबांना हे सांगायला कुणा शास्त्रज्ञाची गरज पडली नसती.

आता विसाव्या शतकातलं रत्नागिरी. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने, कचेऱ्या आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. पुढच्याच जानेवारीत, ६ तारखेला, विनायक दामोदर सावरकरांची येरवड्याहून सुटका झाली, ती रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचं नाही आणि राजकारण करायचं नाही या अटींवर. १० मे १९३७ पर्यंत ते या जिल्ह्यात स्थानबद्ध होते, आणि तेव्हाच्या जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही होता. त्या काळातलं १९३१ चं पतितपावन मंदिर सगळ्यांना माहीत असतं. भागोजीशेठ कीरांनी पैसा दिला, देऊळ उभं राहिलं, आज पर्यटकही बघून जातात. शाळांमधलं काम मात्र बघायला दिसत नाही, म्हणून ते मागे पडलं. माझ्या मते ते मंदिराहून मोठं काम होतं.

अस्पृश्य मुलांना वेगळं बसवू नका, सगळी मुलं सरमिसळ बसवा, हा सावरकरांच्या त्या चळवळीचा आग्रह होता. गावोगाव सभा झाल्या, शाळांमधून प्रत्यक्ष काय चाललं आहे याची पाहणी झाली, कुठे फक्त तपासणीच्या दिवशी मुलं आत घेतात आणि साहेब गेले की पुन्हा बाहेर काढतात याचा पाठपुरावा झाला, वरिष्ठांकडे तक्रारी गेल्या. महार-चांभार मुलांना पाट्या-पेन्सिली वाटल्या गेल्या, आईबापांची समजूत घातली गेली. सावरकरांच्या राजकारणाबद्दल रत्नागिरीतही एकमत नाही, आणि या कामाला हिंदू संघटनेची चौकट होती हेही खरं. राजिवडा, मिरकरवाडा या रत्नागिरीतल्या वस्त्यांची मुसलमान मुलं या सरमिसळीच्या हिशेबात नव्हतीच. दुसऱ्या बाजूनं आंबेडकरांची चळवळही याच जिल्ह्यात जोर धरत होती. १९२९ च्या एप्रिलमध्ये चिपळूणला जिल्ह्याच्या परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. सवर्णांनी जागा करून देण्याची वाट न पाहता जागेवर हक्क सांगायचा, ही त्या चळवळीची शिकवण. या दोन्ही रेट्यांमुळे पडवीतली मुलं आत आली असं मी मानते, आणि एकाचं नाव घेऊन दुसऱ्याचं टाळणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

माझे वडील त्याच काळात संगमेश्वराकडच्या एका खेड्यात शिकत होते. गावाचं नाव घेत नाही, त्याची गरजही नाही. ज्या वर्षी तिथे सरमिसळ सुरू झाली, त्या वर्षी काही घरांनी आपली मुलं शाळेतून काढून घेतली आणि भातलावणी आटोपल्यावर गुपचूप परत पाठवली. घरी आलं की मागील दारी अंगावर पाणी घ्यायचं आणि मग आत यायचं. वडील हे सांगत तेव्हा त्यात एक वाक्य हमखास असे: आम्ही शेजारी बसलो, पण पाटी कधी एकमेकांच्या हातात दिली नाही.

मी पुढे गट करून शिकवलं त्यामागे कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा हे वाक्य जास्त होतं. शेजारी बसणं ही अर्धी मजल आहे. बैठक परिपत्रकानं बदलते, तपासणीनं बदलते, प्रसंगी दंडानंही बदलते. पाटी हातात द्यायला मात्र मुलाला कारण लागतं, काहीतरी असं काम लागतं जे दुसऱ्याच्या पाटीशिवाय पुरं होणार नाही.

अमेरिकेत हेच झालं. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९७१ साली शाळांमधली वंशवार फारकत बंद झाली, गोरी, काळी आणि मेक्सिकन मुलं पहिल्यांदा एका वर्गात आली, आणि वर्गावर्गांतून मारामाऱ्या सुरू झाल्या. एलियट अॅरन्सन हे तिथल्या विद्यापीठात मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्गात बसून पाहिलं, तर मुलं शेजारी बसली होती, पण शिक्षकाच्या प्रत्येक प्रश्नावर एकमेकांच्या वर हात उंचावत होती. म्हणजे आमचा नंबरच. त्यांनी पाचवीच्या वर्गात पाच-सहा मुलांचे मिश्र गट केले आणि जोसेफ पुलित्झरच्या चरित्राचे तेवढेच तुकडे केले. प्रत्येक मुलाकडे एकच तुकडा. दुसऱ्या गटांत ज्यांच्याकडे तोच तुकडा आहे त्यांच्याशी बसून तो पक्का करायचा, मग आपल्या गटात येऊन इतरांना शिकवायचा, आणि शेवटी परीक्षा सगळ्या चरित्रावर, ज्याची त्यानं द्यायची. गटात एखादं मूल इंग्रजी अडखळत बोलणारं असलं तरी त्याची टर उडवून भागत नाही, कारण त्याच्याजवळचा तुकडा दुसऱ्या कुणाजवळ नाही. पुढे मिनेसोटात जॉन्सन बंधूंनी, बाल्टिमोरला रॉबर्ट स्लाव्हिननं अशा पद्धती बांधल्या आणि त्यांवर खूप अभ्यास झाला. तो सगळा मी इथे सांगत बसत नाही. महत्त्वाचं एवढंच, की तिथेही सुरुवात बसण्याच्या जागेवरून झाली, आणि नुसत्या जागेनं भागत नाही हे लक्षात आल्यावर पद्धत जन्मली.

आमच्याकडे जागेनंतरचं पाऊल फार उशिरा पडलं. स्वातंत्र्यानंतर गावोगावी हायस्कुलं निघाली, मुंबईच्या चाकरमान्यांनी वर्गण्या पाठवल्या, चिरेबंदी इमारती उभ्या राहिल्या, जमिनीवरची बैठक जाऊन बाक आले. बाक आले आणि सगळ्यांची तोंडं फळ्याकडे झाली. शेजारचं मूल दिसायचं ते त्याच्या कानापुरतं. उभ्या रांगा, मुलींचा एक भाग, मुलग्यांचा एक भाग, पुढच्या बाकावर हुशार, आणि मागच्या बाकांवर जी मुलं असायची ती पुष्कळदा एकाच दोन वाड्यांतली असायची. हे कुणी मुद्दाम करत नव्हतं. आपोआप होत होतं, म्हणूनच ते टिकलं.

२० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झालं. त्यात आकारिक मूल्यमापनाची आठ साधनं आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, आणि आठवं ‘इतर’. गटकार्य सापडतं ते या ‘इतर’च्या कंसात, प्रश्नावली आणि स्वयंमूल्यमापनाच्या सोबतीला. मी त्या कंसाबद्दल कृतज्ञ आहे. त्या एका शब्दावर बोट ठेवून मला मुख्याध्यापकांकडून बाक हलवायची परवानगी मिळाली.

सातवीच्या भूगोलात ‘भरती-ओहोटी’ हा पाठ आहे. आमचं हायस्कूल पाचवीपासून, त्यामुळे हा वर्ग माझ्याकडे असे. मी पाठाचे चार तुकडे करत असे: सूर्य-चंद्राचं आकर्षण, उधाणाची आणि भांगाची भरती, भरतीच्या वेळा, आणि बंदर-खाडी-खाजणावर होणारे परिणाम. चौघांचा गट, एकेकाकडे एकेक तुकडा. गटांची यादी मी करायचे. त्यात माझा नियम एकच होता, की एका वाडीची दोन मुलं एका गटात नकोत.

एका वर्षी एका गटात राजिवड्याचा एक मुलगा होता, घर मासेमारीवर चालणारं. लेखी परीक्षेत तो जेमतेम पास होत असे. ‘भरतीच्या वेळा’ त्याच्याकडे आल्या. पुस्तक सांगतं, भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. त्यानं पुस्तक मिटलं आणि गटाला सांगितलं, की चांद तीनला दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला पाणी भरतं, चांद सातला संध्याकाळ होते. चांद म्हणजे चंद्रदर्शनापासून मोजलेली तारीख. गटातली दुसरी मुलगी भिक्षुकाच्या घरातली. ती म्हणाली, आमची आजी तिथीवरून सांगते, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. त्या दोघांची आधी वादावादीच झाली, कारण तो ज्याला तीन म्हणत होता त्याला ती चतुर्थी म्हणत होती. सड्यावरच्या वाडीतली कुणबी मुलगी गणितात पक्की. तिनं कॅलेंडर मागितलं, त्यात अमावास्या शोधली, आणि चंद्र दिसतो तो एक दिवस उशिरा, म्हणून चांद आणि तिथी यांत एकाचा फरक पडतो, हे दोघांना दाखवून दिलं. चौथा मुलगा बांधकामावरच्या मजुराचा, विजापूरकडचा. त्यानं समुद्र पाहिल्याला वर्षही झालं नव्हतं, आणि मराठी तो विचार करून बोलायचा. तो म्हणाला, मग पौर्णिमेला किती?

पंधरा पाऊणे सव्वाअकरा. आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, एक पाऊण पाऊण, म्हणजे दुपारी पाऊण वाजता. रोज पाऊण तास पुढे सरकणारी भरती त्या एका दिवशी दीड तास पुढे गेली. हे कसं? चौघं कागदावर डोकं खुपसून बसले. चौदा वेळा पंचेचाळीस मिनिटं आणि एकदा नव्वद, बेरीज बारा तास. पुस्तकातल्या पन्नास मिनिटांप्रमाणे पंधरा दिवसांचे साडेबारा तास. आजीच्या नियमात रोज पाच-पाच मिनिटं कमी धरलेली असतात, आणि ती पक्षाच्या शेवटी एकदम चुकती करावी लागतात. उरलेल्या अर्ध्या तासाचं काय, हे त्यांना पुरतं सुटलं नाही. तिथी दिवसापेक्षा किंचित लहान असते, कॅलेंडरात मधूनच एखादी गळते, इथपर्यंत कुणब्यांची मुलगी पोचली. राजिवड्याचा मुलगा पुढचे पंधरा दिवस घरच्यांना विचारून पाणी भरल्याची खरी वेळ एका पुठ्ठ्यावर लिहून आणत राहिला. ती नियमाच्या थोडी आधीच येत होती. तो पुठ्ठा वर्गात हातोहात फिरला, आणि इतर गट आपले आकडे त्याच्याकडून तपासून घेऊ लागले.

तो मुलगा त्या वर्षी भूगोलात पहिला आला, असं काही झालं नाही. त्याचे थोडेसेच गुण वाढले. पण नंतर त्याला वर्गात प्रश्न विचारला आणि तो अडखळला, तर हसू येत नसे. मुलं थांबत.

गटपद्धतीवर आक्षेप घेतला जातो तो असा, की काम एक जण करतो आणि बाकीचे नावं लावतात. आक्षेप खरा आहे, आणि त्यावरचा उपाय आमच्या किनाऱ्यावर रोज दिसतो. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दोराची दोन्ही टोकं सारखी यावी लागतात. एक बाजू ढिली पडली तर मासळी निसटते, आणि कोण हात सैल सोडून उभा आहे हे शेजारच्याला दोरावरच्या हातांनीच कळतं. वाटा ठरतो तो ओढणाऱ्यांत. शाळेत याचा अर्थ दोन गोष्टी. काम असं हवं की एकाच्या तुकड्यावाचून दुसऱ्याचं अडेल, आणि परीक्षा ज्याची त्यानं द्यायची. मी शेवटची पाच मिनिटं चिठ्ठी काढायचे. ज्याचं नाव निघेल त्यानं दुसऱ्याचा तुकडा समजावून सांगायचा, स्वतःचा नाही. या एका चिठ्ठीनं जेवढी मुलं एकमेकांना शिकवायला लागली, तेवढी माझ्या सांगण्यानं कधी लागली नाहीत.

पालकांची धास्ती मला समजते. दहावीची गुणपत्रिका एकट्याची असते. कोकण मंडळाचा निकाल राज्यात दरवर्षी पहिला लागतो, २०२४ ला तो ९९.०१ टक्के होता, आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण नव्याण्णव टक्के मुलं पास होणाऱ्या जिल्ह्यात पुढचा प्रश्न कोणता विचारायचा, हे ठरवायची वेळ आली आहे. पास झालेल्या या मुलांतल्या कितींनी दहा वर्षांत आपल्या वाडीबाहेरच्या मुलाबरोबर बसून एक तरी काम पुरं केलं? ही नोंद कुठल्याच तक्त्यात मागितली जात नाही.

आणि वर्ग तर लहान होत चालले आहेत. गावं रिकामी होतात, मुलं मुंबई-पुण्याला जातात. २०२३ साली शासनानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा आमच्या डोंगराळ जिल्ह्यात त्यावर खूप बोलणं झालं. मुलांना ओढे-पऱ्ये ओलांडून लांब पाठवण्याला माझा विरोध आहे, पावसाळ्यात ते धोक्याचंच. पण जिथे दोन-तीन गावांची मुलं आधीच एका हायस्कुलात येतात, तिथे पहिल्याच दिवशी ती गावागावांचे बाक धरून बसतात, हेही मी पाहिलं आहे.

माझी एक विद्यार्थिनी आता तशाच एका हायस्कुलात शिकवते. नववीत तिच्याकडे अकरा मुलं. गट कसे करू, म्हणून जूनमध्ये तिचा फोन आला. मी तिला सांगितलं, चार-चार-तीन असे तीन गट कर. यादी तू करायचीस, मुलांच्या मर्जीवर सोडायची नाही. एका वाडीची दोघं एकत्र नकोत, मुलगे-मुली वेगळे नकोत, दर महिन्याला यादी बदल, आणि पहिलं काम असं दे, की ज्यात परीक्षेत मागे पडणाऱ्याला घरून काहीतरी माहीत असेल. तिनं यादी फळ्याशेजारी लावली. दुसऱ्या दिवशी दोन पालक विचारायला आले, आमच्या मुलाला अमक्याबरोबर का बसवलं. तिनं दोघांनाही खुर्च्या दिल्या आणि तास संपेपर्यंत वर्गातच बसवून घेतलं.